गळ्यातलं

कवळीकरांनी आयुष्यात एकदाच बायकोला न विचारता एक गोष्ट ठरवली, आणि तीही तिला नीट ऐकू आली नाही.

कवळीकर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. घराच्या मागच्या खोलीत बसून ते दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देत, म्हणून गल्लीने त्यांना कवळीकर करून टाकलं. दिवसभर समोर प्लास्टरचे जबडे. जबडा कोणाचं ऐकत नाही आणि उलट बोलतही नाही, त्यामुळे मोठ्याने बोलायची सवय त्यांना लागलीच नाही. जे काय बोलायचं ते मिशीतल्या मिशीत.

बायकोचं नेमकं उलटं. ती शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात देखरेखीला होती. तिथल्या मुली तिला बाई म्हणत, म्हणून हळूहळू सगळ्यांच्याच त्या बाई झाल्या. कारखान्यात शिलाई मशिनांच्या रांगाच्या रांगा, आणि सगळी एकदम चालू. तिथे कात्री मागायची तरी घसा ताणावा लागतो. बाई घरी यायच्या तेव्हा आवाज तेवढा कारखान्यातलाच घेऊन यायच्या.

तर असं हे जोडपं. बाई दणदणीत टोमणा मारायच्या, कवळीकर तो पुटपुटून परतवायचे, आणि तो परतवलेला टोमणा बाईंना असा काही लागायचा की हातातलं काम टाकून त्या हसत सुटायच्या. एकदा बाई म्हणाल्या होत्या, "लोकांच्या तोंडात दात बसवता, स्वतःच्या तोंडात जीभ कधी बसवणार?" कवळीकर जबड्यावरून नजर न काढता पुटपुटले, "घरात एक आहे ती पुरते." त्यावर बाई स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून हसल्या होत्या. या असल्या बोलण्यावर त्यांचा संसार चालला होता. पगारावर काय, सगळ्यांचेच चालतात.

पण गेल्या वर्षापासून गाडी अडायला लागली. कवळीकर पुटपुटत आणि बाई विचारत, "काय?" ते पुन्हा पुटपुटत. "अहो, काय?" मग कवळीकर तेच मोठ्याने सांगत, आणि तिथे सगळा घोटाळा होई. टोमणा हा पुटपुटायचाच असतो. तोच घसा फोडून सांगितला की त्याचं भांडण होतं. दोन-चार वेळा तसं झालंही. शेवटी कवळीकरांनी परतवणंच सोडून दिलं.

बाईंना कमी ऐकू येतं हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, एकट्या बाई सोडून. परगावी नोकरीला गेलेली लेक फोनवरून सांगून थकली. "आई, एकदा कान दाखवून घे," असं सांगता सांगता तिच्या दाताच्या कण्या झाल्या, आणि त्या बसवून द्यायला बाप होता म्हणून बरं. बाईंचं उत्तर ठरलेलं. "माझे कान ठणठणीत आहेत. तुझ्या बाबांचं तोंडच उघडत नाही, त्याला मी काय करू?" आता यावर कोण काय बोलणार? तोंड उघडत नाही हे तर खरंच होतं.

संध्याकाळी घर इतकं गप्प असायचं की मागच्या खोलीतले जबडे आणि पुढच्या खोलीतली माणसं यांच्यात फारसा फरक उरला नव्हता. "जेवायचं का?" "काय?" "जेवायचं का?" "हो." संपलं. कवळीकरांना भीती वाटायची ती एकाच गोष्टीची. आपलं पुटपुटणं ऐकणारं जगात एकच माणूस होतं, आणि तेच हातचं निसटत चाललं होतं. हे कुणाला सांगायचं? सांगायचं जिला, तिला ऐकू जात नव्हतं.

अशा त्या गप्प संध्याकाळींतच कधीतरी त्यांना ती जुनी हौस आठवली. लहानपणी शेजारी एक पोस्टमन राहायचा. तो सुटीच्या दिवशी दारात बसून अकॉर्डियन वाजवायचा. अकॉर्डियन हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. हार्मोनियमची पेटी ठेवायची जमिनीवर, ही अडकवायची गळ्यात, म्हणून सगळे तिला गळ्यातली पेटी म्हणत. छोट्या कवळीकरांनी त्या पेटीपायी घरात बरंच रडून पाहिलं होतं. पण दात होते तेव्हा चणे नव्हते. आता चणे आले, तर स्वतःचे दोन दात पडलेले. उरलेले आहेत तोवर हौस करून घ्यावी, असं त्यांनी ठरवलं. निदान घरात काहीतरी वाजेल.

आणि एका सकाळी, चहाच्या कपात बघत, त्यांनी जाहीर केलं, "गळ्यातली पेटी घ्यायची म्हणतोय. रविवारी बघायला जाऊ."

पुढचं सगळं रामायण या वाक्यातून झालं. कारण बाईंना त्यातलं ऐकू आलं ते इतकंच, की गळ्यातलं घ्यायचंय, रविवारी बघायला जाऊ.

बाईंनी कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत या माणसाने आपण होऊन गळ्यातलं सोडा, केसांची साधी पिनही आणली नव्हती. त्या म्हणाल्या, "आत्ता कसं सुचलं?"

"हौस होती जुनी," कवळीकर म्हणाले.

बाई चक्क लाजल्या. कवळीकर चाट पडले. त्यांना वाटलं होतं, आता पाऊण तास तरी ऐकून घ्यावं लागणार. या वयात, एवढ्याशा घरात, शेजारचे काय म्हणतील, वगैरे. तर बाई उठून गुणगुणत डबा भरायला गेल्या. आपली बायको आपल्याला वाटते त्याहून मोठ्या मनाची आहे, असं कवळीकरांनी मनोमन कबूल केलं आणि त्यांना थोडं ओशाळल्यासारखंही झालं.

आठवडाभर दोघं त्याच विषयावर बोलत होती आणि दोघांना वाटत होतं की आपलं एकमत आहे. बाई विचारायच्या, "कसं घ्यायचं?" कवळीकर म्हणायचे, "फार जड नको. मान दुखेल." बाई म्हणायच्या, "घेतोच आहोत तर जरा ठसठशीत घेऊ. एवढंसं काय चांगलं दिसतं?" कवळीकर म्हणायचे, "दिसण्याचं काय, छातीवर नीट बसायला हवं." मग बाईंनी विचारलं, "आणि मोत्यांचं?" कवळीकरांचे डोळे चमकले. "एका बाजूला असतात की. ओळीने. मोत्यासारखीच दिसतात ती बटणं." शेवटचे दोन शब्द मिशीत गेले.

रविवारी बाईंनी ठेवणीतले कपडे काढले आणि गळा मोकळा ठेवला. कवळीकरांना त्याचाही अर्थ कळला नाही. आपल्या पेटीसाठी बायको इतकी सजली, एवढंच त्यांना दिसलं, आणि ते खूश झाले.

बाजारात आधी सराफांची दुकानं लागतात. पहिल्या काचेपाशी बाईंचं पाऊल हळू झालं. कवळीकर पुढे गेले. दुसऱ्या काचेपाशी बाई थांबल्याच. कवळीकर मागे वळून म्हणाले, "पुढे, पुढे." तिसरी काच गेली, चौथी गेली, मग छत्र्यांचं दुकान, मग कुलपांचं, आणि कोपऱ्यावर ते दुकान आलं. काचेत व्हायोलिनं टांगलेली, खाली दोन ढोलकं, आणि मधोमध एक लालभडक अकॉर्डियन भाता पसरून बसलेलं.

"हे बघ," कवळीकर म्हणाले.

बाईंनी काचेत बघितलं. मग दुकानाची पाटी वाचली. मग पुन्हा काचेत बघितलं. त्यांचा हात आपोआप मोकळ्या गळ्याशी गेला, आणि तो हात बघितल्यावर कवळीकरांच्या डोक्यात आठवडाभराचं सगळं बोलणं उलटं फिरलं. जड नको. छातीवर बसायला हवं. मोती. त्यांची दातखीळच बसली.

"हे गळ्यातलं?" बाईंनी विचारलं.

"चल, आधी तिकडे जाऊ. ते घेऊ, हे राहू दे," कवळीकर पुटपुटले, आणि अगदी मनापासून. पण पुटपुटलेच. बाईंपर्यंत त्यातलं काही गेलं नाही.

बाई हसल्या. हसल्या खऱ्या, पण ते हसू मशिनमध्ये धागा तुटावा तसं मधेच तुटलं. "तरीच म्हटलं, यांना असं कसं सुचलं. तोंड उघडून बोलला असतात तर कारखान्यातल्या मुलींना तरी सांगितलं नसतं मी." एवढं बोलून त्या पर्स सावरत दुकानात शिरल्या. कवळीकरांच्या आधी शिरल्या, म्हणजे आता माघार नाही.

दुकानदार गोलमटोल आणि बोलघेवडा होता. शिकायचंय कोणाला, असं त्याने विचारलं. बाईंनी अंगठ्याने मागे दाखवलं. त्याने कवळीकरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि काचेतलंच लालभडक धूड काढून आणलं. "शिकायचं तर मोठ्यावरच शिकावं, साहेब. लहान घेतलं की वर्षात पुन्हा येता." कवळीकरांना खुर्चीवर बसवून त्याने दोन्ही पट्टे त्यांच्या खांद्यांवर चढवले. पेटी मांडीवर टेकली आणि कवळीकर हनुवटीपासून खाली दिसेनासे झाले.

बाईंनी वाकून बघितलं. "अहो, आत आहात ना?"

डाव्या बाजूला बटणांच्या रांगा होत्या, खरोखरच मोत्यासारख्या. दुकानदार म्हणाला, "ही बघायची नाहीत. बघताच येत नाहीत. डावा हात या पट्ट्यात घालायचा, त्याच हाताने भाता ओढायचा आणि त्याच हाताने बटणं चाचपायची. हे एक खळगीवालं बटण आहे, ते सापडलं की घर सापडलं."

"म्हणजे हे काम काही डाव्या हातचा मळ नव्हे," बाई म्हणाल्या.

कवळीकरांच्या डाव्या हाताला घर काही सापडलं नाही. त्यांनी भाता ओढायला जोर केला तर ते स्वतःच खुर्चीसकट डावीकडे कलले. बाईंनी आणि दुकानदाराने मिळून त्यांना त्या पेटीतून बाहेर काढलं.

दुसरी पेटी आली आणि कवळीकर प्रेमातच पडले. मध्यम आकार, काळं अंग, आणि पट्ट्या अशा एकसारख्या पांढऱ्याशुभ्र की बघत राहावं. आता जो तो आपल्या धंद्याच्या डोळ्याने जग बघतो. कवळीकरांनी खिशातून दातांच्या छटांची फणी काढली. निरनिराळ्या रंगांचे दात ओळीने बसवलेली ही फणी ते कुठेही नेत. मग पेटी उचलून दारापाशी उजेडात नेली आणि एकेका पट्टीशी दात लावून बघायला लागले. "पहिल्या नंबरची छटा," ते स्वतःशी म्हणाले. "आणि शेवटपर्यंत एकच. कुठे फट नाही."

"साहेब, दात बघून घोडा घेतात," दुकानदार म्हणाला.

"त्यांना करू द्या," बाई म्हणाल्या. "लग्नाच्या वेळी माझेही आधी दातच बघितले होते."

कवळीकर पुटपुटले, "एक सोडून सगळे चांगले निघाले." बाईंचं लक्ष पेटीकडे होतं. टोमणा आला तसा वाया गेला.

दुकानदाराने पेटी गळ्यात घालून वाजवून दाखवली. आधी मधले सूर वाजवले. मग वरची एक कळ दाबून म्हणाला, "आता हिची खुबी ऐका. पाखरांसारखा आवाज." आणि उजव्या हाताची बोटं अगदी टोकाच्या पट्ट्यांवर नाचवली. शिट्टीसारखे बारीक, लख्ख सूर दुकानभर पसरले. कवळीकरांच्या अंगावर काटा आला.

बाई पुढे झाल्या. शिवलेल्या गणवेशाची शिवण बोटाने ताणून बघायची ती कारखान्यातली नजर त्यांनी लावली. "थांबा," त्या म्हणाल्या. "या वरच्या पट्ट्या मुक्या आहेत."

दुकानदाराने पुन्हा वाजवलं. पाखरं पुन्हा किलबिलली.

"बघा, नुसती बोटं हलतायत," बाई म्हणाल्या. "आम्हाला नवखे समजू नका. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असा प्रकार आहे हा."

दुकानदाराचा चेहरा लालभडक पेटीसारखा झाला. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. कवळीकरांना कळलं की आता पुढच्या क्षणी, या परक्या माणसाच्या तोंडून, या भरल्या दुकानात, बाईंना ते कळणार. गळ्यातल्याचं जे झालं ते झालंच होतं. एका दिवसात किती?

"मुक्या आहेत," कवळीकर म्हणाले. "ठेवा ती पेटी बाजूला. दुसरी दाखवा."

हे ते एवढ्या खणखणीत आवाजात म्हणाले की टांगलेल्या व्हायोलिनांच्या तारा हुंकारल्या. स्वतःच्याच आवाजाने ते दचकले. दुकानदाराने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा बाईंकडे, आणि उघडलेलं तोंड मिटून पेटी मुकाट्याने बाजूला ठेवली. बोलघेवडा असला तरी माणूस वाईट नव्हता.

तिसरी पेटी त्याने खालच्या फळीवरून काढली. कुणीतरी वापरून विकलेली, शेवाळी रंगाची. पट्ट्या आयुष्यभर चहा ढोसलेल्या माणसाच्या दातांसारख्या पिवळट, आणि मधली एक नंतर बसवलेली, तिचा रंग भलताच. कवळीकरांना ते बघवेना. असला दात कुणा डॉक्टरकडे पाठवला असता तर धंदाच बसला असता. दुकानदाराने भाता ओढला आणि खालची पट्टी दाबली. जाड, घोगरा, तळातून आलेला सूर निघाला. लाकडी टेबलावर ठेवलेली कवळीकरांची फणी थरथरली.

बाईंचा हात त्याच टेबलावर होता. त्यांनी मान वर केली. "ही बोलते," त्या म्हणाल्या.

पेटी कवळीकरांच्या गळ्यात घातली तर ती अशी बसली की मापाने शिवली असावी. हनुवटी दिसत होती, पाठ सरळ होती, आणि डाव्या हाताला चाचपडता चाचपडता खळगीवालं बटण चक्क सापडलं. त्यांनी भाता ओढला. सर्दी झालेल्या बोकडाने हाक मारावी तसा आवाज आला.

"अगबाई," बाई म्हणाल्या, "सूर लागला की दाढ दुखली?"

कवळीकरांच्या ओठांवर उत्तर आलं होतं. पण पुटपुटलं तर जाणार नाही, आणि ओरडलं तर भांडण. आणि मग, त्यांच्याही नकळत, बोटाने खालची पट्टी दोनदा दाबली. भों, भों.

बाईंनी डोळे बारीक केले. "उलट बोलताय?"

भों.

आणि बाई हसल्या. पर्स टेबलावर टाकून, एका हाताने खुर्ची धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. वर्षभर कवळीकर याच हसण्याला आसुसले होते. त्यांना इतका आनंद झाला की भाता बंद करायचं राहून गेलं आणि पेटी आपली भोंऽऽ करत मांडीवर हळूहळू उघडत गेली. पिवळट दात, परका दात, सगळं गेलं उडत. त्यांनी तीच घेतली.

परतीच्या वाटेवर पेटीचं खोकं कवळीकरांच्या हातात होतं. सराफाच्या काचेपाशी आल्यावर बाई थांबल्या. कवळीकरांनी खोकं खाली ठेवलं.

"त्या काळ्या पेटीच्या वरच्या पट्ट्या वाजत होत्या ना?" बाईंनी विचारलं.

कवळीकर बुटांकडे बघू लागले.

"इतक्या वर्षांत तुम्ही काहीही बोललात की मला कान लावावा लागला," बाई म्हणाल्या. "आणि आज 'मुक्या आहेत' म्हणालात ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल. खरं बोलताना तुम्ही कधी एवढं मोठ्याने बोलला आहात का?"

कवळीकरांनी मान हलवून नाही म्हटलं.

"कारखान्यात मी मुलींच्या ओठांकडे बघून काम चालवते," बाई काचेकडे बघत म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच कारखान्यातला नव्हता. "तुमच्या मिशीमुळे तेही जमत नाही. मला वाटायचं, कबूल केलं की खरं होईल. भीती वाटते हो. तुम्ही काय बोलता ते मला कळेनासं झालं, तर मी दिवसभर कशावर हसायचं?"

कवळीकरांनी बाईंचा हात धरला. भर बाजारात धरला, आणि सोडला नाही.

"तुम्हाला गळ्यातलं झालं," बाई नाक पुसत म्हणाल्या. "आता मला कानातलं घ्या."

कवळीकरांनी जोरजोरात मान डोलावली आणि हात धरूनच त्यांना सराफाच्या दाराकडे नेऊ लागले. बाईंनी त्यांना मागे ओढलं.

"तिथलं नव्हे हो. डॉक्टर देतात ते."

कवळीकर जागच्या जागी उभे राहिले. मग मान खाली घालून, मिशीतल्या मिशीत, काहीतरी बोलले. बोलताना त्यांचे खांदे हलत होते.

"काय?" बाईंनी विचारलं. "काय म्हणालात?"

कवळीकरांनी मान वर केली, बाईंना आपले ओठ नीट दिसतील असं तोंड त्यांच्याकडे वळवलं, आणि हाताने मिशी बाजूला सारून सावकाश म्हणाले, "कानातलं आलं की परत म्हणेन."

"विसरू नका म्हणजे झालं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी खोक्याची दुसरी बाजू धरली.